लग, फेरूल आणि क्रिम्पिंग: घरच्या डीबीपासून शेतातल्या स्टार्टर पेटीपर्यंत वायरचं टोक नीट कसं बांधायचं

डीबीतला (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीतला) एमसीबी हाताला गरम लागतो, गिझरच्या सॉकेटचं मागचं प्लास्टिक पिवळं पडतं, स्टार्टरच्या पेटीतून जळका वास यायला लागतो, आणि मग आपण एमसीबी बदलतो, सॉकेट बदलतो, कधी कधी वायरच्या कंपनीला पण नावं ठेवतो. पण बघायला गेलं तर वायर चांगली असते, एमसीबी पण चांगला असतो, गडबड असते ती वायरच्या शेवटच्या एक सेंटीमीटरमध्ये, जिथे ती स्क्रूखाली जाते. हा लेख त्या एका सेंटीमीटरबद्दल आणि त्यावर दाबून बसवायच्या लगबद्दल, म्हणजे वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या तुकड्याबद्दल आहे आणि मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे वायर घेताना ब्रँड बघतात, एमसीबी घेताना ब्रँड बघतात, आणि टोकाला मात्र पकडीने पीळ मारून काम उरकतात.

आधी हिशोब करून बघा म्हणजे गंभीरपणा लक्षात येईल. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो. स्क्रूखाली ढिलाईमुळे ०.०५ ओहम रेझिस्टन्स तयार झाला, म्हणजे साध्या मल्टीमीटरने मोजायला गेलात तर त्याच्या लीडच्या रेझिस्टन्समध्येच हरवून जाईल एवढा कमी, तरी १३ गुणिले १३ गुणिले ०.०५ म्हणजे जवळजवळ साडेआठ वॅट उष्णता त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत सतत तयार होते. तापलं की तांबं काळं पडतं, काळं पडलं की रेझिस्टन्स वाढतो, तो वाढला की अजून तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. आणि एमसीबी पण ट्रिप होत नाही, कारण करंट तर १३ अँपिअरच आहे, त्याच्या हिशोबाने सगळं ठीक चाललंय. म्हणून ढिला जॉइंट हा शॉर्ट सर्किटपेक्षा जास्त फसवा असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाला हात लावण्याआधी दोन गोष्टी. मेन स्विच बंद करा, टेस्टरवर विसंबू नका, मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि थ्री फेज असेल तर फेज-फेज सगळं मोजून शून्य आहे याची खात्री करा. पेटीत कपॅसिटर असेल तर तो सप्लाय बंद केल्यावर पण चार्ज धरून ठेवतो, आधी डिस्चार्ज करा. आणि मीटर व त्याच्या सीलच्या आतलं काम महावितरणचं आहे, तिथे हात घालायचा नाही. फिक्स वायरिंगचं काम कायद्याने परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं असतं, हा लेख वायरमन मंडळींना कामाला येईल आणि घरमालकाला काम नीट झालंय की नाही ते बघायला येईल.

क्रिम्पिंगने नेमकं होतं काय

मल्टिस्ट्रँड वायर म्हणजे केसांसारख्या बारीक तारांचा जुडगा. आपल्याकडची १.५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर म्हणजे ०.३ एमएमच्या २२ तारा, २.५ ची ३६ तारा, ४ ची ५६ तारा. हा जुडगा थेट स्क्रूखाली दाबला की तारा पसरतात, काही बाहेर निसटतात, काही तुटतात, आणि करंट सगळा उरलेल्या तारांतून जातो. क्रिम्पिंगमध्ये आपण लगच्या नळीला एवढ्या जोराने दाबतो की नळीचा धातू आणि तारांचा धातू दोन्ही आकार बदलतात, मधली हवा निघून जाते, तारांवरचा ऑक्साईडचा थर फुटतो आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. नीट केलेलं क्रिम्प कापून बघितलं तर आत तारांच्या गोल कडा दिसत नाहीत, मधमाशीच्या पोळ्यासारखे घट्ट बसलेले कोन दिसतात, मध्ये फट नाही. फट नाही म्हणजे आत हवा आणि ओल जात नाही, आणि म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. साध्या पकडीने लग चेपली तर ती नुसती चपटी होते, दोन्ही बाजूला पोकळ्या राहतात. बाहेरून घट्ट दिसतं, ओढलं तरी एकदम निघत नाही, पण सहा महिन्यांत त्या पोकळीत काळं साचतं.

आता सोल्डरचं पण बोलून घेऊ कारण अनेक जुनेजाणते अजून टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देतात. हे करू नका. सोल्डर मऊ असतो, सततच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो, आणि आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी ढिला. शिवाय सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हलली की नेमकी तिथेच तुटते. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये पण स्क्रूच्या दाबाखाली येणारं टोक सोल्डरने बांधायला मनाई आहे.

पायरी १: वायर ओळखा

वायर बघायची म्हणजे तीन गोष्टी बघायच्या, धातू, साईझ आणि तारांचा प्रकार. तांबं की ॲल्युमिनियम ते आधी, कारण तिथेच अर्धी लढाई आहे. साईझ वायरवर छापलेली असते, नसेल तर एका तारेचा व्यास मोजा आणि तारा मोजा. जुन्या घरात ३/२२, ७/२० अशा गेजच्या वायरी अजून सापडतात, तिथे अंदाज न करता हिशोब करा, २० गेजची तार ०.९१४ एमएमची, म्हणजे एकीचं क्षेत्रफळ साधारण ०.६५६ स्क्वेअर एमएम, सात तारांचं झालं ४.६. म्हणजे ७/२० ला ४ ची लग घेतली तर जाणारच नाही, ६ ची बघावी लागेल.

तारांचा प्रकार म्हणजे सिंगल सॉलिड तार, जाड सात तारा, की बारीक फ्लेक्झिबल. सॉलिड तारेला फेरूल लावायचं नाही, ती थेट स्क्रूखाली जाते आणि छान बसते. आणि एक लक्षात ठेवा, बारीक तारांची फ्लेक्झिबल केबल त्याच साईझच्या जाड तारांच्या केबलपेक्षा जरा जास्त फुगीर असते. १६ ची फ्लेक्झिबल कधी कधी १६ च्या साध्या लगमध्ये घुसत नाही. तेव्हा सर्रास काय करतात तर चार-सहा तारा कापून टाकतात. हे अजिबात करायचं नाही, तेवढी केबल तुम्ही कमी केलीत. फ्लेक्झिबलसाठी मोठ्या तोंडाच्या लग मिळतात त्या मागा.

पायरी २: टर्मिनल बघा, मग लग ठरवा

लोक उलटं करतात, किटमध्ये जी लग असेल ती लावतात. आधी वायर कुठे जाणार ते बघायचं.

बोल्ट किंवा स्टड असेल, म्हणजे अर्थ बार, मोटरची टर्मिनल प्लेट, मोठा कॉन्टॅक्टर, चेंजओव्हर, तिथे रिंग लग. नट थोडा ढिला झाला तरी रिंग बाहेर पडत नाही, म्हणून मोटर आणि अर्थिंगला रिंगशिवाय दुसरं काही लावू नका. मोटर थरथरते, तिथे फोर्क टाइप निसटतोच. फोर्क म्हणजे यू टाइप लग तिथे, जिथे स्क्रू पूर्ण काढता येत नाही किंवा काढला की पेटीत पडून हरवतो.

एमसीबी, आरसीसीबी, कनेक्टर पट्टी, एनर्जी मीटरच्या पुढचा आयसोलेटर, असं भोक आणि वरून दाबणारा क्लॅम्प असेल तर तिथे फेरूल नाहीतर पिन लग (पुढे दांडी असलेली). बारीक वायरीला फेरूल, म्हणजे टिन केलेल्या तांब्याची पातळ नळी आणि मागे रंगीत प्लास्टिकची कॉलर. दुकानात नुसतं फेरूल म्हणालात तर बऱ्याच ठिकाणी वायरवर चढवायचे नंबरचे छल्ले हातात देतात, तेव्हा एंड सीलिंग लग म्हणा किंवा सरळ नमुना दाखवा. सपाट पट्टीच्या टर्मिनलला, जसं की इन्व्हर्टर, काही रिले, तिथे ६.३ एमएमचा स्नॅप-ऑन (पट्टीवर सरकवून बसवायचा), तोही इन्सुलेशनवाला घ्या.

आता साईझ. प्लास्टिकची टोपी असलेल्या लगचे रंग ठरलेले आहेत, लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. मोठ्या नळीच्या लगवर दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १६-८, म्हणजे केबल १६ स्क्वेअर एमएम आणि भोक ८ एमएमच्या बोल्टचं. भोक मोठं घेऊन वॉशरने भागवणं चुकीचं आहे, लगचा तळहात (भोक असलेला सपाट भाग) बोल्टच्या डोक्याखाली पूर्ण टेकला पाहिजे. फेरूलच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, कारण दोन वेगळ्या पद्धती बाजारात आहेत. जर्मन पद्धतीत २.५ निळं आणि ४ राखाडी, फ्रेंच पद्धतीत २.५ राखाडी आणि ४ केशरी. एकाच दुकानात दोन्ही मिळतात. पाकिटावरचा आकडा वाचा.

दोन वायरी एकाच भोकात घालायची वेळ आली, जे डीबीत लूपिंग करताना नेहमी येतं, तर ट्विन फेरूल मिळतं, त्याच्या कॉलरमध्ये दोन वायरी जातात. सुट्ट्या दोन वायरी एका स्क्रूखाली दिल्या तर जाड वायर दाब घेते आणि बारीक नुसती बसल्यासारखी दिसते.

पायरी ३: हत्यार, आणि तीन आकड्यांची जुळणी

माझं या सगळ्या विषयावर एकच सांगणं आहे, ते म्हणजे वायरचा आकडा, लगचा आकडा आणि डायचा (टूलमधल्या दाबणाऱ्या साच्याचा) आकडा तिन्ही जुळले पाहिजेत. दोन जुळून चालत नाही. चांगली लग चुकीच्या डायमध्ये दाबली तर ती वाया गेली.

टोपीवाल्या लगसाठी रॅचेटचा प्लायर घ्या, त्याच्या जबड्यावर लाल, निळा, पिवळा ठिपका असतो. रॅचेट म्हणजे दाब पूर्ण झाल्याशिवाय तो सुटतच नाही. दिवसभर शंभर टोकं दाबताना हात दमतो आणि शेवटची वीस कमी दाबली जातात, रॅचेटवाल्यात तसं होऊ शकत नाही. पंख्याच्या दुकानात मिळणारा तो पत्र्याचा स्वस्त प्लायर, ज्यात वायर सोलणं, स्क्रू कापणं आणि लग दाबणं सगळंच असतं, तो गाडीच्या हॉर्नच्या वायरीला चालेल, डीबीला नको.

फेरूलला वेगळा प्लायर लागतो, चौकोनी किंवा षटकोनी दाबणारा. सेल्फ-ॲडजस्टिंग मिळतात, साधारण ०.२५ पासून ६ किंवा १० पर्यंत साईझ बदलायची गरज नाही. एमसीबीसारख्या सपाट क्लॅम्पमध्ये चौकोनी क्रिम्प छान बसतं, कारण दोन सपाट बाजू मिळतात. टोपीवाल्या लगच्या प्लायरमध्ये फेरूल दाबू नका, फेरूलची भिंत एवढी पातळ असते की ती फाटते.

१० च्या वरच्या केबलला हाताचा लांब दांड्याचा किंवा हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल, ज्याला साईटवर पंचिंग मशीन म्हणतात, डाय बदलता येणारं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण चुकतात, ॲल्युमिनियमच्या लगची नळी त्याच साईझच्या तांब्याच्या लगपेक्षा जाड असते, म्हणून २५ ची तांब्याची आणि २५ ची ॲल्युमिनियमची यांची डाय वेगळी असू शकते. लग बनवणाऱ्या कंपनीच्या चार्टमध्ये कुठली डाय आणि किती दाब मारायचे ते दिलेलं असतं, डीलरकडून तो चार्ट मागून घ्या आणि टूलच्या पेटीत ठेवा. हायड्रॉलिक टूल महाग आहे, महिन्यातून एकदा लागणार असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतं.

पायरी ४: सोलणं

सोलायची लांबी अंदाजाने नाही. फेरूलला नळीची लांबी ८ एमएम असेल तर वायर साधारण १० एमएम सोलायची, कारण दोनेक एमएम कॉलरच्या आत जाते. रिंग लगला नळीच्या लांबीपेक्षा एखादा एमएम जास्त. मोठ्या लगला केबल शेजारी धरून खूण करा, आणि नळीवर बघायचं भोक असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे.

स्ट्रिपर वापरा. कटरने किंवा दाताने (हो, अजूनही) सोललं की बाहेरच्या दोन-चार तारांना खाच पडते आणि वाकवल्यावर त्याच तुटतात. १.५ च्या वायरमध्ये २२ तारा आहेत, त्यातल्या ३ तुटल्या म्हणजे सातवा हिस्सा गेला. तारा तुटल्या तर टोक कापून परत सोला, वायर स्वस्त आहे.

सोलल्यावर तारा पिळायच्या का? मूळ जो हलका पीळ आहे तोच सरळ करून ठेवा, जास्त पिळू नका. घट्ट पिळला की तारा एकमेकींवर चढतात आणि दाबल्यावर एकसारख्या बसत नाहीत. टोक दुमडून जाड करणं पण नको, लग मोठी झाली म्हणून वायर दुमडण्यापेक्षा बरोबर साईझची लग आणा.

पायरी ५: दाबणं

टोपीवाल्या लगला वायर आत सरकवा, पुढच्या तोंडातून तांबं जेमतेम अर्धा ते एक एमएम डोकावलं पाहिजे, आणि इन्सुलेशन धातूच्या नळीच्या आत जाता कामा नये, ते प्लास्टिकच्या टोपीपर्यंतच. प्लायरचा ठिपका बघून जबडा बरोबर घ्या, लग मध्यभागी धरा, आणि रॅचेट सुटेपर्यंत दाबा. चांगल्या प्लायरमध्ये एकाच दाबात दोन क्रिम्प होतात, एक तांब्यावर, एक इन्सुलेशनवर, दुसऱ्यामुळे वायर हलली तरी ताण तांब्यावर येत नाही.

फेरूलमध्ये वायर घालताना एक तार जरी बाहेर दुमडली तरी काढून परत घाला. दाबल्यावर टोक नळीच्या बाहेर आलं असेल तर ते साफ कापा. फेरूल अर्धंच दाबू नका, प्लायरच्या जबड्याची रुंदी नळीएवढी नसेल तर दोनदा दाबा.

मोठ्या लगला दाबाचा क्रम असतो. तळहाताच्या बाजूने सुरुवात करून केबलच्या बाजूला यायचं, म्हणजे धातू आणि (ॲल्युमिनियमच्या लगमधली) पेस्ट बाहेरच्या दिशेला सरकते, आत कोंडत नाही. हायड्रॉलिकमध्ये डायचे दोन्ही भाग एकमेकांना टेकल्याशिवाय सोडू नका. टेकल्यावर बाजूने धातूचे पातळ पंख बाहेर आले तर समजा डाय लहान पडली, आणि डाय टेकूनही लग हातात फिरतेय तर डाय मोठी. दोन्ही बाबतीत ती लग कापून टाका, पंख कानशीने घासून काम चालवू नका.

हीट श्रिंक (गरम केली की आकसून बसणारी नळी) लावणार असाल तर दाबायच्या आधी वायरवर सरकवून ठेवा. कोकण आणि गोव्याकडे खारं वारं आणि चार महिने ओल असते, तिथे बिनटिनच्या उघड्या तांब्याच्या लग लावूच नका, टिन केलेल्या घ्या आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक वापरा, नुसत्या टेपचा गोंद पावसाळ्यात सुटतो.

पायरी ६: तपासणं

डोळ्याने बघा, मग ओढा. क्रिम्प नळीच्या मधोमध आहे का, प्लास्टिक फाटलंय का, तार बाहेर आहे का. मग लग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून सरळ ओढायचं, झटका न देता. टर्मिनलच्या आंतरराष्ट्रीय टेस्टमध्ये २.५ च्या वायरला ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोचा ताण देतात, ४ ला ६० आणि ६ ला ८० न्यूटन. पाच किलो तांदळाची पिशवी लटकवून एकदा हाताला अंदाज घ्या, मग कळतं की आपण नेहमी किती कमी ओढून बघतो. नवीन टूल, नवीन कंपनीच्या लग आल्या की पहिल्या दोन-तीन नमुन्याच्या दाबा, ओढून तोडा, एक करवतीने आडवी कापून आत बघा.

पायरी ७: स्क्रूखाली देणं

इथे सगळं केलेलं वाया जाऊ शकतं. एमसीबीचा क्लॅम्प म्हणजे एक छोटी चौकट असते जी स्क्रू फिरवला की वर येते. स्क्रू पूर्ण उघडलेला नसेल तर वायर त्या चौकटीत जाण्याऐवजी तिच्या मागे जाते, मग स्क्रू फिरवला की चौकट वर येऊन बंद होते, हाताला घट्ट लागतं, आणि वायर मात्र मागे मोकळी. बाहेरून काही कळत नाही. म्हणून प्रत्येक टर्मिनल घट्ट केल्यावर ती एक एक वायर ओढून बघा. बसबारचा कंगवा (एमसीबींना जोडणारी दातेरी पट्टी) आणि वायर एकाच टर्मिनलला असेल तर दोन्ही आपापल्या खाचेत गेलेत ना ते टॉर्च लावून बघा.

किती घट्ट? घरगुती एमसीबीला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, साधारण २ ते २.५ न्यूटन मीटर असतो, पण आकडा एमसीबीच्या बाजूला किंवा कागदावर छापलेला असतो, तो पाळा. डीबीचं काम नेहमी करणाऱ्याने टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्यावाच. जोर लावून स्क्रूचे आटे गेले की टर्मिनल कायमचं गेलं.

बोल्टवर लग लावताना क्रम असा, आधी पट्टी, तिच्यावर थेट लगचा तळहात, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. लग आणि पट्टीच्या मध्ये वॉशर कधीच नाही, वॉशर लोखंडी असतो आणि सगळा करंट मग त्याच्यातून जातो. ही चूक मी एवढ्या पेट्यांत पाहिली आहे की वेगळं सांगावंसं वाटतं. अर्थिंगला पेटीचा रंग खरवडून धातू उघडा करा, रंगावर लग आवळली तर अर्थ लागलेला दिसतो पण लागलेला नसतो. एका बोल्टवर दोनपेक्षा जास्त लग नकोत, आणि दोन असतील तर पाठीला पाठ लावून.

ॲल्युमिनियम केबल आणि शेतातली पेटी

डीपीपासून विहिरीपर्यंत येणारी केबल जवळजवळ नेहमी ॲल्युमिनियमची, आणि स्टार्टरचे टर्मिनल पितळेचे. खरा त्रास इथे आहे. उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साईडचा थर येतो, आणि तो वीज वाहून नेत नाही. शिवाय ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं, दर डिग्रीला दहा लाखात २३ भाग, तांबं १७. मोटर सुरू झाली की फुगतं, बंद झाली की आकसतं, आठ तासांची लाईट आणि मग बंद, रोज हेच. काही महिन्यांत स्क्रू ढिला. वर ओल आली की तांबं किंवा पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडलेल्या जागी ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होते.

म्हणून ॲल्युमिनियम केबलवर तांब्याची लग कधीच दाबायची नाही, टिन केलेली असली तरी नाही. ॲल्युमिनियमचीच लग, आपल्याकडे तिचं स्टँडर्ड आहे आयएस ८३०९, आणि समोर तांबं किंवा पितळ असेल तर बायमेटल लग, जिची नळी ॲल्युमिनियमची आणि तळहात तांब्याचा असतो. स्टार्टरच्या लहान भोकात जाड केबल बसत नाही तिथे बायमेटल पिन मिळते. थोडी महाग आहे, पण एकदा सिंगल फेजिंग होऊन मोटर जळली तर वाइंडिंगचा खर्च आणि उन्हाळ्यात पिकाचं पाणी चुकणं, याच्यापुढे ती काहीच नाही. एका फेजचा जॉइंट जळून तुटला की मोटर दोन फेजवर चालायला बघते, उरलेल्या दोन फेजमध्ये करंट वाढतो, आणि ओव्हरलोड रिले नीट सेट केलेला नसेल तर वाइंडिंग जातं.

करायची पद्धत अशी. केबल सोला, तारेच्या ब्रशने ॲल्युमिनियम चकचकीत होईपर्यंत घासा, हा ब्रश तांब्याला वापरलेला नसावा. घासल्या घासल्या लगेच जॉइंटिंग पेस्ट लावा, थांबू नका. चांगल्या लगमध्ये आत पेस्ट भरलेली असते आणि तोंडावर टोपी असते, ती टोपी अगदी केबल घालायच्या वेळीच काढा. मोठ्या तीन-चार कोरच्या केबलमध्ये कोर गोल नसतात, फाकीच्या आकाराचे असतात, त्या गोल लगमध्ये घालण्याआधी राऊंडिंग डायने गोल कराव्या लागतात, हातोडीने ठोकून नाही. मग चार्टप्रमाणे दाब, बाहेर आलेली पेस्ट पुसून टाका.

सबमर्सिबलच्या केबलचा बोअरमधला जॉइंट पण क्रिम्पचाच करा, पीळ आणि टेप नको, कारण मोटर परत वर काढायचा खर्च कोणाला परवडतो. प्रत्येक कोरला तांब्याची बट स्लीव्ह (दोन टोकं समोरासमोर घालून दाबायची नळी), तिन्ही जॉइंट एका रेषेत न घेता वर-खाली, प्रत्येकावर गोंदवाली हीट श्रिंक आणि सगळ्यांवर मिळून एक मोठी. सोडण्याआधी जॉइंट बादलीत पाण्यात बुडवून ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) पाण्याच्या आणि कोरच्या मध्ये इन्सुलेशन बघा.

चालू केल्यानंतर

लोड देऊन अर्धा-एक तास चालू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने टर्मिनल बघा. चकचकीत धातूवर तो खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो, म्हणून जवळच्या इन्सुलेशनवर किंवा आधीच चिकटवून ठेवलेल्या काळ्या टेपच्या तुकड्यावर रोखा. तिन्ही फेजला सारखाच लोड असताना एक फेज बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर जॉइंट तिथे खराब आहे. पेटीचं दार उघडून चालू सप्लायवर हे बघताना लांबूनच बघा, बोट आत नाही. पहिल्या महिन्यानंतर सप्लाय बंद करून एकदा सगळे स्क्रू छापलेल्या टॉर्कला तपासा, नंतर शेतातल्या पेटीला वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर.

गरम झालेली लग सापडली तर नुसता स्क्रू आवळून सोडू नका. लग कापून टाका, दाबलेली लग दुसऱ्यांदा वापरता येत नाही, आणि वायर पण मागे चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, काळ्या पडलेल्या तारांवर नवीन लग दाबून काही उपयोग नाही. यासाठीच पेटीत प्रत्येक वायरला पहिल्यापासून दहा-पंधरा सेंटीमीटरचा जास्तीचा लूप ठेवायचा असतो, नाहीतर एक लग बदलायला पूर्ण केबल ओढावी लागते.